टेलिफोन लाइनवरचे ग्रामीण ब्रॉडबँड वारंवार मंदावते किंवा तुटते : दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे

तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणारे ब्रॉडबँड मंद चालते आणि मधूनमधून तुटते, ही तक्रार घेऊन माणूस मदत मागायला येतो तेव्हा त्याने बहुधा राउटर अनेकदा बंद-चालू केलेला असतो, फॅक्टरी रीसेट करून पाहिलेले असते आणि कित्येकदा नवा मोडेमही आणलेला असतो. दोष मात्र आठवडाभराने, पाऊस पडल्यावर किंवा रोज संध्याकाळी ठरावीक वेळेला पुन्हा हजर होतो. अशा परतून येणाऱ्या दोषाचा माग काढायचा असेल तर काहीही बदलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. नेट जाते म्हणजे नेमके काय जाते, आणि ते केव्हा जाते? घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या काही किलोमीटर तारेत शेकडो ठिकाणी दोष असू शकतो. ही दोन उत्तरे हाती असली की त्यांतली बहुतेक ठिकाणे तपासावीच लागत नाहीत.

काय तुटते ते आधी ठरवावे

मोडेमवरचा डीएसएल किंवा लिंक नावाचा दिवा स्थिर असेल तर आपला मोडेम आणि एक्स्चेंजमधले अथवा रस्त्याकडेच्या कॅबिनेटमधले उपकरण यांचा सिंक जुळलेला असतो, म्हणजे तारेवरून संकेतांची ये-जा चालू असते. इंटरनेट नावाचा दिवा त्यानंतरचे लॉगिन झाले आहे एवढे सांगतो. वायफायच्या दिव्याचा संबंध फक्त घरातल्या रेडिओशी आहे. लाइनबद्दल तो काहीही सांगत नाही. नेट गेल्याक्षणी यांपैकी कोणता दिवा बदलला हे पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे, आणि ती सहसा कोणीच करत नाही, कारण नेट गेले की हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो आणि पुरावा तेथेच पुसला जातो.

डीएसएलचा दिवा लुकलुकू लागला तर दोष तारेत, तारेला लागून असलेल्या एखाद्या उपकरणात किंवा मोडेममध्ये आहे. तो स्थिर राहून इंटरनेटचा दिवा विझला किंवा लाल झाला तर लॉगिनचे सत्र तुटलेले आहे. त्याचे कारण सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला असू शकते, किंवा सिंक काही क्षणांसाठी जाऊन परत आला आणि जुने सत्र कंपनीच्या सर्व्हरवर अडकून राहिले असेही होऊ शकते. दोन्ही दिवे जागच्या जागी असूनही पाने उघडत नसतील तर लाइनमनला बोलावण्यात अर्थ नाही. तेथे वायफाय, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) किंवा गर्दी यांचा विचार करावा लागतो.

वायफायचा प्रश्न एका तारेने निकाली निघतो. संगणक किंवा लॅपटॉप इथरनेट केबलने थेट राउटरला जोडावा, बाकीची सर्व उपकरणे काढावीत आणि मग वेग मोजावा. केबलवर सर्व ठीक आणि मागच्या खोलीत मंद असेल तर टेलिफोन लाइन निर्दोष आहे, आणि या लेखातला पुढचा भाग त्या घराच्या कामाचा नाही.

वेग मोजताना आणखी एक गैरसमज दूर ठेवावा. मोडेम दाखवतो तो सिंकचा वेग आणि प्रत्यक्ष फाइल उतरते तो वेग हे सारखे नसतात. एडीएसएलमध्ये, म्हणजे टेलिफोन तारेवरच्या ब्रॉडबँडच्या (डीएसएलच्या) एका प्रकारात, माहिती ५३ बाइटच्या लहान सेलमधून जाते आणि त्यांतले ४८ बाइटच कामाचे असतात. वरच्या आवरणांचा भार धरला तर सिंकच्या साधारण ८५ टक्के वेग हातात येतो. सिंक ४,००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) असताना चाचणीत सुमारे ३,४०० मिळाले तर लाइन जे देऊ शकते ते देते आहे. हाच आकडा डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला ४२५ किलोबाइट असा दिसतो, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो, आणि ‘चारशेच येतात’ अशा कितीतरी तक्रारी येथेच संपतात.

सिंक दिवसभर तोच राहून संध्याकाळी सात ते अकरा या वेळात वेग कोसळत असेल तर तो गर्दीचा परिणाम आहे. अशा वेळी संगणकावर ट्रेसरूट (संदेश वाटेत कोणकोणत्या थांब्यांवरून जातो हे दाखवणारी आज्ञा) चालवून कंपनीच्या पहिल्या थांब्याला किती मिलिसेकंद लागतात ते सकाळी आणि रात्री लिहून ठेवावे. घरातले कोणीही काही चढवत किंवा उतरवत नसताना सकाळचे २५ रात्री २०० होत असतील तर तार बदलून, फिल्टर (फोनचा आणि ब्रॉडबँडचा संकेत वेगळा ठेवणारी डबी) बदलून किंवा मोडेम बदलून त्यात तिळमात्र फरक पडणार नाही.

मोडेमच्या पानावरचे आकडे

दोष सिंकमध्ये आहे असे ठरल्यावर मोडेमचे स्वतःचे पान उघडावे. बहुतेक मोडेमवर ते १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासच्या पत्त्यावर असते, आणि डीएसएल स्टेटस किंवा लाइन स्टॅटिस्टिक्स अशा नावाखाली हवे ते आकडे मिळतात. आकड्यांची गर्दी पाहून दचकू नये. त्यांतले मोजकेच आपल्या कामाचे असतात.

पहिला आकडा ॲटेन्युएशनचा, म्हणजे एक्स्चेंजमधून निघालेला संकेत आपल्यापर्यंत येईतो किती क्षीण झाला याचा. तो डेसिबलमध्ये असतो आणि मुख्यतः तारेच्या लांबीवर अवलंबून असतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेसाठी एडीएसएलवर दर किलोमीटरला सुमारे १३.८ डीबी असा ठोकताळा आहे. म्हणून ५२ डीबी दिसले तर लाइन अंदाजे पावणेचार किलोमीटर लांब आहे असे धरावे. रस्त्याने मोजलेले अंतर कमी असूनही हा आकडा जास्त असू शकतो, कारण केबल रस्त्याने सरळ जात नाही. ती आधी भलत्याच दिशेच्या पिलरवर (रस्त्याकडेच्या जोडपेटीवर) जाऊन मग डीपीकडे, म्हणजे घरांना तारा वाटून देणाऱ्या पेटीकडे, वळलेली असते. ॲटेन्युएशन रोज जवळजवळ सारखेच राहायला हवे. ते एकाएकी पाच-दहा डीबीने वाढले असेल तर लाइन लांब झालेली नाही. कोठेतरी जोड खराब झाला आहे.

दुसरा आकडा नॉइज मार्जिनचा, आणि माझ्या मते एकच आकडा पाहायचा असेल तर हाच पाहावा. सिंक जुळवताना मोडेम तारेवरचा गोंगाट मोजतो, त्याच्यावर काही राखीव अंतर सोडतो आणि उरलेल्या जागेत जितका वेग बसेल तितका बसवतो. भांडे काठोकाठ न भरता वर थोडी जागा मोकळी ठेवावी, तसे हे अंतर असते. बहुतेक ठिकाणी ते ६ डीबी ठरवलेले असते. नंतर गोंगाट वाढला की ही जागा घटत जाते, आणि ती शून्याच्या आसपास पोहोचली की सिंक तुटतो. तुटल्यानंतर मोडेम वाढलेल्या गोंगाटातच नव्याने मोजमाप करतो आणि कमी वेगावर जुळतो. ‘तुटले आणि परत आले तेव्हापासून मंद आहे’ या तक्रारीचे हे सरळ स्पष्टीकरण आहे.

ही घट वेगात किती पडते याचा हिशेब करता येतो. एडीएसएल आपला पट्टा सुमारे ४.३ किलोहर्ट्झच्या लहान लहान वाहकांत विभागते, आणि प्रत्येक वाहक सेकंदाला ४,००० वेळा काही बिट पाठवतो. गोंगाट ३ डीबीने वाढला की प्रत्येक वाहकावरचा साधारण एक बिट जातो. लांब लाइनवर १५० वाहक कामाचे उरले असतील तर ३ डीबीमागे ६०० केबीपीएस गेले. जवळच्या लाइनवर एवढी घट कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण जेथे एकूणच ३,००० मिळतात तेथे तो पाचवा हिस्सा असतो.

तिसरे, चुकांचे आकडे. एफईसी म्हणजे चूक झाली पण तेथल्या तेथे दुरुस्त झाली. ती लाखांत असली तरी चिंता नको. सीआरसी म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेली चूक, आणि ईएस म्हणजे अशी चूक ज्यांत झाली ते सेकंद. हे आकडे मोडेम चालू झाल्यापासूनचे एकत्रित असतात, त्यामुळे एकदा पाहून काहीच कळत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री त्यांची नोंद करून फरक काढावा. दिवसभरात तुरळक वाढ आणि एका ठरावीक तासात एकदम हजारोंची उडी, असे चित्र दिसले तर गुन्हेगार त्या तासात चालू होणारे काहीतरी आहे.

केव्हा तुटते यावरून काय कळते

कोणता दोष कोणत्या वेळी डोके वर काढतो याला बऱ्यापैकी नियम आहेत, आणि साधी वही घेऊन दोन आठवडे नोंदी ठेवल्या तर त्या नियमांचा उपयोग होतो. नोंदीत वेळ, हवामान, सिंकचा वेग, मार्जिन आणि त्या वेळी घरात किंवा शेजारी काय चालू होते एवढे असावे.

पावसाबरोबरच लाइन बिघडते आणि ऊन पडताच सुधारते, असे असेल तर ओल उघड्यावरच्या भागात शिरते आहे. म्हणजे खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर, तिचे वेष्टण जेथे झाडाच्या फांदीने घासले गेले आहे ती जागा किंवा खांबावरची डीपी. पाऊस थांबल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी बिघाड सुरू होऊन तो अनेक दिवस रेंगाळत असेल तर संशय जमिनीखालच्या जोडावर घ्यावा, कारण तेथे पाणी उशिरा पोहोचते आणि उशिराच निघते. वारा सुटला की तुटणारी लाइन बहुधा सैल जोडाची असते. भर दुपारी तुटून सूर्य कलल्यावर सुधारणारी लाइनही पुष्कळदा त्याच कारणाने तशी वागते. तापलेला जोड किंचित सरकतो आणि निवल्यावर पुन्हा बसतो.

सूर्यास्तानंतर मार्जिन हळूहळू उतरणे आणि पहाटे परत चढणे हे मात्र बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही. एडीएसएलचा उतरता (आपल्याकडे माहिती आणणारा) पट्टा १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झचा, तर मध्यम लहरींवरची रेडिओ केंद्रे साधारण ५३० ते १,६०० किलोहर्ट्झमध्ये. दोहोंचा बराच भाग एकच आहे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर या लहरी शोषून घेतो, म्हणून दूरची केंद्रे ऐकू येत नाहीत. रात्री तो थर विरतो, शेकडो किलोमीटरवरची केंद्रे पोहोचू लागतात, आणि खांबांवरून लोंबणारी कित्येक किलोमीटरची टेलिफोन तार त्यांच्यासाठी उत्तम एरियल ठरते. दोन-तीन डीबीची ही रोजची घट लांब हवाई लाइनवर नैसर्गिक आहे. तीच आठ-दहा डीबीची झाली तर तारेच्या जोडीचा तोल बिघडलेला आहे, म्हणजे दोन तारांपैकी एकीचा जोड दुसरीपेक्षा खराब झालेला आहे असे समजावे. तोल साधलेली जोडी बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच उचलते आणि तो परस्पर वजा होतो. तोल गेला की वजाबाकी पुरी होत नाही.

फोनची रिंग वाजताच नेट जात असेल तर आधी फिल्टर पाहावा. घरातला प्रत्येक फोन, फॅक्स, अलार्मची पेटी असे लाइनला लागलेले प्रत्येक उपकरण फिल्टरच्या मागे असले पाहिजे, आणि विसरलेला एखादा जुना फोन माळ्यावरच्या सॉकेटला अजून जोडलेला असतो हे नेहमीचेच आहे. फिल्टर ठीक असूनही हेच घडत असेल तर उलट प्रश्न विचारावा : रिसीव्हर उचलून ठेवला की नेट सुधारते का? सुधारत असेल तर लाइनवर कोठेतरी जास्त रोधाचा जोड आहे. जोडावर चढलेली पुटे क्षीण संकेताला अडवतात, पण फोन उचलल्यावर वाहणारा वीसएक मिलिॲम्पियर किंवा त्याहून थोडा जास्त प्रवाह त्या पुटांतून वाट काढतो आणि काही वेळ जोड बरा वागतो. तंत्रज्ञ आला, त्याने फोन लावून पाहिला, सर्व ठीक निघाले आणि तो गेल्यावर तासाभरात दोष परतला, यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

घरातली तार

बाहेरची तार घरात शिरून ज्या पहिल्या बॉक्समध्ये संपते तेथे मोडेम थेट जोडून बाकीचे सर्व काही काढून ठेवणे, ही घरातल्या आणि बाहेरच्या दोषाची सीमारेषा ठरवणारी चाचणी आहे. घरातली सर्व एक्स्टेन्शने सुटी करून, एकच फिल्टर आणि आखूड केबल वापरून मोडेम तेथे निदान एक पूर्ण दिवस आणि एक रात्र चालू ठेवावा. पाच मिनिटांच्या चाचणीतून काही सिद्ध होत नाही, कारण दोषच मुळी मधूनमधून येणारा आहे.

हा बॉक्स उघडण्यापूर्वी लक्षात ठेवावे की टेलिफोन तारेवर एरवी सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि रिंग वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो. ओल्या हाताने किंवा आभाळ गडगडत असताना त्याला हात लावू नये. आत पाहिले की बरेचदा काही चाचणी करावीच लागत नाही. स्क्रूखाली दाबलेल्या तांब्याच्या टोकाला हिरवट पूट चढलेले असते, एकाच स्क्रूखाली वेगवेगळ्या जाडीच्या तीन तारा कोंबलेल्या असतात, त्यांतली बारीक तार नखाने हलवली तरी फिरते, आणि मुंग्यांनी तळाशी माती आणून टाकलेली असते. असे टोक घासण्याऐवजी कापावे, नवे तांबे उघडे करावे आणि एका स्क्रूखाली एकच तार घट्ट बसवावी. बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर हे काम लाइनमनकडूनच करून घ्यावे.

कोठेही न जोडलेले, मोकळे सुटलेले एक्स्टेन्शन हे त्याहून फसवे असते, कारण त्याच्या टोकाला काहीच नसल्यामुळे त्याचा त्रास काय असणार असे वाटते. मोकळ्या टोकावरून संकेत परत फिरतो आणि मुख्य तारेवर उलट्या कलेत येऊन मिळतो, त्यामुळे एका विशिष्ट वारंवारतेवर संकेत जवळजवळ नाहीसा होतो. केबलमध्ये संकेताचा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर धरला तर ५० मीटरच्या मोकळ्या फाट्याचा खड्डा १,००० किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, १०० मीटरचा ५०० च्या आसपास. आणि लांब लाइनवर हा खालचाच भाग काय तो शिल्लक असतो. गोठ्याकडे, गोदामाकडे किंवा जुन्या घराकडे नेलेली आणि विसरलेली तार मूळ जोडापासून कापून टाकावी. मोडेमपर्यंत जाणारी तारही सपाट, पीळ नसलेली आणि लांबलचक नसावी. पीळ घातलेली जोडी वापरावी, आणि शक्य असेल तर मोडेमच पहिल्या बॉक्सपाशी ठेवून पुढचे अंतर इथरनेट केबलने काढावे.

गोंगाट करणारी वस्तू शोधणे

ठरावीक वेळी चुका उसळत असतील तर मध्यम लहरींचा, बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ कामाला येतो. तो ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी लावावा आणि आवाज वाढवून घरात फिरावे. नेहमीच्या सरसरीऐवजी जेथे कर्कश गुणगुण किंवा तडतड ऐकू येईल तेथे एकेक प्लग काढून पाहावा. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सेट-टॉप बॉक्सचे ॲडाप्टर, सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, पंपाचे वेग नियंत्रक हे नेहमीचे संशयित. मोडेमचे स्वतःचे ॲडाप्टर या यादीत विसरू नये. त्यातला कपॅसिटर म्हातारा झाला की ते गोंगाटही करते आणि विजेचा दाब जरा खाली गेला तरी मोडेम पुन्हा सुरू होतो, आणि दोष लाइनच्या माथी मारला जातो. मोडेम किती वेळ चालू आहे हे त्याच्याच पानावर दिसते. सिंक तुटला तेव्हा हा वेळही शून्यापासून सुरू झाला असेल तर तुटली ती वीज, लाइन नव्हे.

फोनवर साधारण सेकंदाला एकदा टिकटिक ऐकू येत असेल तर आसपास विजेचे कुंपण आहे का ते पाहावे. त्याचा प्रत्येक ठोका क्षणभराचाच असतो, पण कुंपणाची तार गवताला किंवा ओल्या खांबाला टेकली की ठिणग्या पडतात आणि समांतर जाणाऱ्या टेलिफोन तारेत त्यांचे धक्के उमटतात. कुंपणाभोवतीचे गवत कापणे आणि त्याचे अर्थिंग टेलिफोनच्या तारांपासून दूर नेणे हा त्यावरचा उपाय. अशा क्षणिक धक्क्यांवर इंटरलीव्हिंग चालू करून घेण्याचा चांगला उपयोग होतो. माहिती विखरून पाठवली जात असल्यामुळे एका धक्क्याने सलग तुकडा नष्ट होत नाही, फक्त काही मिलिसेकंदांचा विलंब वाढतो. नव्या उपकरणांत हरवलेला तुकडा तारेच्या पातळीवरच पुन्हा मागवण्याची सोय २०१० च्या जी.९९८.४ या मानकाने आणली. ती दोन्ही टोकांना उपलब्ध असेल तर अधिक बरी.

लांब लाइनवर मोडेममध्ये काय बदलावे

१९९९ च्या जी.९९२.१ या मूळ एडीएसएल मानकाचा पट्टा १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत होता; २००३ च्या एडीएसएल२+ ने तो २,२०८ वर नेला. वाढलेला हा वरचा अर्धा भाग तीन किलोमीटरच्या पुढे जवळजवळ पोहोचतच नाही, कारण वारंवारता वाढेल तशी तारेतली घटही वाढते. म्हणून ५५-६० डीबी ॲटेन्युएशनच्या लाइनवर मोडेम आपोआप निवडीवर न ठेवता एडीएसएल२ किंवा जुन्या जी.डीएमटीवर (जी.९९२.१ चेच दुसरे नाव) बांधून पाहावा. वेग फारसा घटत नाही आणि जुळणी पुष्कळदा अधिक काळ टिकते. व्हीडीएसएलचा, म्हणजे कमी अंतरावर जास्त वेग देणाऱ्या डीएसएलच्या प्रकाराचा, फायदाही कॅबिनेटपासूनचे अंतर एक-दीड किलोमीटरच्या पुढे गेले की ओसरतो, त्यामुळे अशा घरी नवीन योजना घेऊन जुनाच वेग मिळाला तर नवल नाही.

मोडेममध्ये लक्ष्य मार्जिन (सिंक जुळवताना राखायचे अंतर) बदलण्याची सोय असेल तर दर रात्री तुटणाऱ्या लाइनवर ते ६ वरून ९ वर न्यावे. थोडा वेग मुद्दाम सोडून स्थैर्य विकत घेणे हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटत आला आहे, कारण २,८०० वर आठवडाभर टिकणारी लाइन ३,४०० वर दिवसातून सहादा तुटणाऱ्या लाइनपेक्षा प्रत्यक्षात वेगवान ठरते.

लाइन तुटत नाही, आकडेही ठीक आहेत, तरी सगळे अधूनमधून गोठते अशी तक्रार असेल तर चढत्या, म्हणजे घरातून माहिती बाहेर पाठवण्याच्या, वेगाकडे पाहावे. चढता वेग ५०० केबीपीएस असेल आणि एखादा फोन आपले फोटो परस्पर साठवणीत पाठवू लागला तर चार मेगाबाइटचा एक फोटो मिनिटाहून अधिक काळ ती वाट अडवतो. राउटरमध्ये २५६ किलोबाइटची रांग साठू दिली असेल तर तिच्या शेवटी उभ्या राहिलेल्या प्रत्येक विनंतीला चार सेकंद थांबावे लागते, आणि उतरत्या माहितीची पोच देणारे लहान संदेशही त्याच रांगेत अडकल्यामुळे डाउनलोडही बसते. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक या पद्धतीचे रांग व्यवस्थापन असेल तर ते चालू करून चढता वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडा खाली बांधावा. ग्रामीण लाइनवर इतका मोठा फरक इतक्या कमी कष्टात पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

तक्रार कशी मांडावी

घरातले सर्व काढूनही दोष कायम राहिला तर तो घराबाहेरचा आहे. तक्रार करण्याआधी फोनवर लाइन ऐकावी : रिसीव्हर उचलून एक अंक दाबला की डायल टोन थांबतो आणि मागची शांतता ऐकू येते. तेथे खरखर असेल तर जोड खराब आहे, सलग गुणगुण असेल तर एखादी तार जमिनीला टेकते आहे किंवा जोडीचा तोल गेला आहे. असे काही ऐकू आले तर तक्रार ‘नेट मंद आहे’ अशी न करता ‘फोनवर खरखर आहे’ अशी नोंदवावी, कारण खरखर लाइनमन स्वतःच्या कानाने ऐकू शकतो आणि ती शोधून काढण्याची पद्धत त्याला ठाऊक असते. फोन पूर्ण बंद आणि नेट मात्र अर्धवट चालू, हे विचित्र वाटले तरी शक्य आहे : जोडीतली एक तार तुटली तरी उच्च वारंवारतेचा संकेत उरलेल्या तारेवरून रखडत का होईना पोहोचतो. हे लक्षण आवर्जून सांगावे.

पूर्वीच्या अतिलांब लाइनवर आवाज स्पष्ट राहावा म्हणून सुमारे १.८ किलोमीटरच्या अंतराने ८८ मिलिहेन्रीची वेटोळी बसवत असत. ती अजून तारेवर असतील तर डीएसएलचा सिंक जुळतच नाही. हा मधूनमधून येणारा दोष नव्हे, पण नवीन जोडणी पहिल्या दिवसापासून चालत नसेल तर विचारून घ्यावे.

तंत्रज्ञासमोर वहीतल्या नोंदी ठेवाव्यात आणि ‘पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मार्जिन ६ वरून १ वर येते’ असे एकच नेमके वाक्य सांगावे. खांबावर स्वतः चढू नये. दुरुस्ती झाली तरी वेग त्याच दिवशी परत येईल असे नाही, कारण अनेक कंपन्यांची यंत्रणा तुटण्याची संख्या मोजून लक्ष्य मार्जिन आपोआप ९, १२, १५ असे चढवत नेते, आणि लाइन सुधारल्यावर ते उतरवायला तीच यंत्रणा कित्येक दिवस किंवा आठवडे घेते. या काळात मोडेम रोज रात्री बंद करण्याची सवय सोडावी; प्रत्येक बंद-चालू त्या यंत्रणेला तुटणेच वाटू शकते. दहाएक दिवस लाइन न तुटता टिकली आणि मार्जिन तरीही १२ च्या पुढेच अडकलेले दिसले, तर कंपनीला फोन करून लाइनचे प्रोफाइल (त्या लाइनसाठी ठरवलेले मार्जिन वगैरे) पूर्ववत करायला सांगावे. हे काम त्यांच्या बाजूने बसल्याजागी होते आणि त्यासाठी कोणालाही घरी यावे लागत नाही.